छातीचं दुखणं, पोटाचं नाव

मंगरुळपीर
१९ मार्च २०२५

सतीश,

जय भीम. इकडे सगळं ठीक, तिकडे तुम्ही ठीक असाल, अशी सुरुवात या पत्राला नाही. इकडे काय आहे ते तुला ठाऊक आहे. माझ्याही आधीपासून ठाऊक आहे, हे मला काल कळलं.

पत्र लिहावं लागतंय, कारण माझा आवाज चढला की तू फोन कापतोस. मेसेज टाकला तर हात जोडल्याचं चित्र पाठवतोस. आणि काल संध्याकाळपासून माझा नंबरच तू बंद करून टाकलास. पत्र कापता येत नाही. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

काल मी रजा टाकून अकोल्याला गेले. आपल्याच डेपोच्या गाडीत पहिल्यांदा खिडकीजवळ बसून गेले, नाहीतर मी कायम तिकिटं फाडत, दांडा धरून 'मागं सरका, मागं जागा आहे' करत उभी. आईच्या पोटातले तुकडे ज्या लॅबमध्ये तपासले तिथं गेले. तिथल्या डॉक्टर रीता मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली काचा पाहतात. भागिरथाबाई, मुक्काम आसेगाव, त्यांची मी मुलगी, असं सांगितलं, तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "आलात का शेवटी? तुमच्या भावाला मी फेब्रुवारीतच फोन केला होता."

कोणता फोन, सतीश?

तुला मी सगळं पहिल्यापासून आठवून देते, म्हणजे तुझ्या सोयीचं तेवढंच आठवायला नको. संक्रांतीनंतर आईच्या पोटात काही टिकेना. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची, आणि थोड्या वेळानं तेही उलटून पडायचं. मी तिला अकोल्याला पोटाच्या डॉक्टरकडे नेलं. दुर्बीण घालायच्या आधी काउंटरवरचा माणूस म्हणाला, मुलाचा नंबर सांगा. आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तिच्या उलटीचा डाग माझ्या साडीवर होता. मी म्हटलं, माझा लिहा, मी मुलगी आहे. तो म्हणाला, "मुलगा नाही का?" आणि आपली आई, जिला धड उभं राहता येत नव्हतं, ती मान वर करून म्हणाली, "हाय ना बापा! पुन्याले हाय, मोठ्या कंपनीत." आणि तुझा नंबर तिनं तोंडपाठ सांगितला. स्वतःचा तिला पाठ नाही.

नंतर तुझा फोन आला. तू रडत होतास. म्हणालास, "ताई, पोटाचा कॅन्सर आहे, पसरला आहे, चौथी स्टेज. डॉक्टर म्हणतात आता हाल करू नका. घरी ने, जे खाईल ते दे." मीही रडले. तुझ्यावर विश्वास ठेवला. तिला आसेगावहून माझ्या घरी आणलं आणि ती जाण्याची वाट पाहत बसले. जे खाईल ते दे म्हणालास. ती काही खातच नव्हती रे! तुरीच्या वरणाचं नुसतं पाणी चमच्यानं पाजायचे, त्यातलं निम्मं बाहेर यायचं.

गेल्या रविवारी तिला आंघोळ घालत होते. एवढी आजारी, पण न्हाणीत ती कधी लुगडं पुरतं सोडू द्यायची नाही. त्या दिवशी हातात त्राण नव्हतं म्हणून मला आवरू दिलं. साबण लावताना डाव्या छातीला हात लागला आणि माझा हात तिथंच थांबला. वेगळी गाठ अशी नाही. सगळी छातीच कडक, वाळल्या कणकेच्या गोळ्यासारखी, आणि बोंडशी आत ओढलेली. म्हटलं, आई हे काय? ती म्हणाली, "ते जुनं हाय. त्याचा पोटाशी काही संबंध नाई. पानी टाक, थंडी वाजून राह्यली."

मला डॉक्टरकी कळत नाही. पण एका बाईच्या अंगात दोन ठिकाणी असं असावं आणि कोणीच काही विचारू नये, हे मला पटलं नाही. म्हणून काल गेले.

रीता मॅडमनी मला आईची काच दाखवली. मी एक डोळा मिटून पाहायला लागले, तर म्हणाल्या, दोन्ही उघडे ठेवा. गुलाबी-जांभळं काहीतरी दिसलं, ओढणीवरच्या छापासारखं. त्या म्हणाल्या, "हे पोटाचं अस्तर. आता त्याच्यामधून जाणारे काळपट ठिपके पाहा." पाहिले. एकामागं एक, एकेरी, कोणी कोणाला ढकलत नाही. माझ्या गाडीच्या दाराशी अशी रांग मी कधी पाहिली नाही.

त्या म्हणाल्या, "घाईनं पाहिलं तर कोणीही पोटाचाच कॅन्सर म्हणेल. मीही आधी तेच म्हटलं होतं. पण या रांगा पाहून मला शंका आली. स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार असा एकेरी चालतो, आणि कधीतरी पोटात जाऊन बसतो. फार क्वचित. मी आजवर दोन-तीनच पाहिलेत. म्हणून तुमच्या भावाला सांगितलं की आईची छाती तपासून घ्या, आणि या तुकड्यांवर आणखी एक खास तपासणी करायला परवानगी द्या. ते म्हणाले, विचारून कळवतो. मग मी दोनदा लावला. उचलला नाही."

विचारून कळवतो! कोणाला विचारलंस? मी इथं, आई इथं. आमच्यापैकी कोणाला विचारलंस ते नाव सांग.

त्या तपासणीला मी काल हो म्हणून आले. तुला विचारलं नाही आणि कळवतेय तेही मोठ्या मनानं कळवत नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, सतीशचा फोन आला का. मी म्हणते, कामात असेल.

उत्तर दे.

तुझी ताई,
धम्मदीपा


मंगरुळपीर
७ एप्रिल २०२५

सतीश,

माझं पत्र आधी निताच्या हाती पडलं, हे फार बरं झालं. तुझी बायको आहे म्हणून म्हणत नाही, पण घरात कोणीतरी वाचणारं आहे. तिचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "ताई, मलाही यांनी पोटाचाच म्हणून सांगितलं होतं." तिनं दटावलं असेल म्हणूनच माझा नंबर उघडला आणि एवढा लांब मेसेज आला. मी तो पुन्हापुन्हा वाचला.

तू लिहितोस, "फोन आला तेव्हा मी साहेबांसोबत गाडीत होतो. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. त्या मॅडम एकदम आईच्या स्तनाबद्दल बोलायला लागल्या. साहेब खिडकीबाहेर पाहायला लागले. मी 'विचारून कळवतो' म्हणून कसातरी फोन ठेवला."

बरं. मानलं. गाडीत साहेब होते, आवाज सगळ्या गाडीत घुमला, तुझे कान तापले. माझ्याही गाडीत रोज कोणी ना कोणी कोणाच्या आईबहिणीचा उद्धार करतो, मला माहीत आहे कान तापणं म्हणजे काय.

पण तू गाडीतून उतरलास ना? साहेब घरी गेले ना? मग?

त्यानंतर कितीतरी वेळा तू मला फोन केलास. आईला झोप लागते का विचारलंस. कोणाकोणाला कळवायचं, आसेगावात मंडप कुठं टाकायचा, तेही विचारलंस. मंडप, सतीश! मंडपाची गोष्ट तुझ्या तोंडून निघाली आणि तो एक शब्द निघाला नाही.

तू पुढं लिहितोस, मला वाटलं कॅन्सर तो कॅन्सर, इथला काय आणि तिथला काय. आता ऐक इथला काय आणि तिथला काय. रीता मॅडमच्या तपासणीचं उत्तर आलं. त्या रांगेतल्या पेशी पोटाच्या नाहीत, छातीच्याच आहेत. मग छातीचाही सुईनं तुकडा काढला. तीच रांग. कॅन्सरच्या डॉक्टर बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, पोटाचा असता आणि एवढा पसरला असता, तर हातात फार काही नव्हतं. पण हा छातीचा आहे, आणि बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसला जाणारा आहे. त्याची उपासमार करणारी गोळी आहे. रोज एक, तोंडानं घ्यायची. मुळासकट जाणार नाही, पण पुष्कळांचा दबून राहतो, माणूस खातंपितं, हिंडतंफिरतं. मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "आता आलात ना." त्या चांगल्या बाई आहेत म्हणून तसं म्हणाल्या. मी तेवढी चांगली नाही.

ज्या शब्दाची तुला लाज वाटली, त्याच शब्दात औषध होतं. हे वाक्य निताला मोठ्यानं वाचायला सांग.

आणखी एक. कॅन्सरच्या दवाखान्यातही काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, नातेवाइकाचा नंबर? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मायाच लिहा. दुखनं मायं हाय, मले सांगा. मंग कोनाले सांगायचं ते मी पाहीन." मी पाहतच राहिले. तिला मी तुझं काही सांगितलेलं नाही, तरी असं का बोलली कोण जाणे. नंबर तिला पाठ नव्हताच. पिशवीतून मोबाइल काढून पोरीच्या हातात दिला, "तूच पाह्य याच्यात."

आईनं मला नंतर सांगितलं की दीड-दोन वर्षांपूर्वी तिनं दाखवलं होतं. गावात आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरकडे गेली होती. म्हणाली, डॉक्टर, छातीत जड वाटते. तो म्हणाला, जळजळते का? ही म्हणाली, कधी कधी. त्यानं पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. हात लावला नाही, आणि हिनं लुगडं बाजूला केलं नाही. आपल्या भाषेत छाती म्हटलं की काहीही समजता येतं, पित्त समजता येतं, हिंमतसुद्धा समजता येते. तेवढं एक सोडून.

मला या सगळ्यांचा राग आहे. त्या पित्तवाल्याचा, काउंटरवाल्याचा, त्या साहेबाचाही, खिडकीबाहेर पाहिलं म्हणून. पण त्यांच्यापैकी कोणी तिच्या अंगावर प्यालेलं नाही.

तू पैसे पाठवलेस ते पोचले. परत करणार नाही, औषधाला लागतील. आभारही मानणार नाही.

आई काल पेज प्याली आणि ती राहिली पोटात.

धम्मदीपा


मंगरुळपीर
२२ जुलै २०२५

सतीश,

तुझ्या पत्राची मी वाट पाहत नव्हते, तरी ते आलं. हातानं लिहिलेलं आहे म्हणून वाचलं. तू लिहिलं आहेस की आईला काही सांगू नको, तिला वाईट वाटेल, मी आल्यावर माझं मी सांगेन. एप्रिलमध्ये येणार होतास. मग मेमध्ये. मग रिझर्व्हेशन मिळालं नाही. आता तुझं सांगायचं काम संपलं. आईला कळलं. मी सांगितलेलं नाही, हे आधीच लिहून ठेवते.

आधी तब्येत. मे महिन्यात तिनं स्वतःहून अर्धी भाकर मागितली. मी अर्धीच्या अर्धी दिली, तर म्हणाली, "एवढीशी कायले? चिमनीले टाकून राह्यली का?" तुझे भाऊजी, देवानंद, हसत सुटले. देवानंदनं तिच्यासाठी बाजारातून अंबाडीची भाजी आणली, तीही पचली. गालाची हाडं अजून दिसतात, पण चेहऱ्यावर चेहरा आला आहे. जूनमध्ये आसेगावला जायचा हट्ट धरला. माझ्या घराची वाट लागून राह्यली म्हणाली. नेऊन सोडलं. शेजारची सुंदरबाई रात्री सोबतीला निजते. मी एक दिवसाआड जाते.

या महिन्यात तपासणी होती. काम आटोपल्यावर आई म्हणाली, "ज्या बाईनं मायं दुखनं वयखलं तिले मले पाहू दे." म्हणून लॅबमध्ये नेलं. रीता मॅडमनी तिलाही काच दाखवली. आई बराच वेळ त्या नळीला डोळे लावून होती. मग म्हणाली, "हे मायं हाय?" मॅडम म्हणाल्या, हो आजी, तुमचंच. आई म्हणाली, "रंग तं चांगला हाय." आम्ही हसलो. आणि हसता हसता मॅडम बोलून गेल्या, "फेब्रुवारीत तुमच्या मुलाला मी फोन केला तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर तुम्ही याहून ठणठणीत दिसला असता."

त्यांचा दोष नाही. त्यांना वाटलं, घरात बोलणं झालं असेल. बोलत असतील घरातली माणसं.

गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. बार्शीटाकळी गेलं, महान आलं. धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा तिनं विचारलं, "सतीशले मालूम होतं?"

मी हो म्हटलं.

"काहून नाई सांगतलं त्यानं?"

मी म्हटलं, "लाज वाटली म्हने. गाडीत साहेब होता."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "त्यानं एक फोन लपवला. मी दोन वर्स लपवलं. त्याले काय बोलू?"

तेव्हा माझा तोल गेला. भर गाडीत मी तिच्याशी भांडले. म्हटलं, "आई, तुयं तू लपवलं. तुयं अंग, तुयी मर्जी. त्याचं होतं का ते लपवायले? त्यानं तुयं लपवलं, तुयाच पासून!" पुढच्या बाकड्यावरचे लोक वळले. कंडक्टर माझ्याच डेपोचा, हेमसिंग. तो बिचारा तिकिटाच्या मशीनमध्ये तोंड घालून उभा राहिला. आई एवढंच म्हणाली, "हो. हे खरं हाय. हे मले उमजलं नोतं."

रात्री ती जेवली नाही. औषधानं नाही, सतीश. तुझ्यामुळं.

आता पुढचं वाच. हे तुला सांगावं की नाही असं वाटत होतं, कारण तुला फार बरं वाटेल की आई सावरली. पण ही तिची गोष्ट आहे आणि गावात सगळ्यांना माहीत झाली आहे.

वर्षावास सुरू आहे. आसेगावच्या विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं. गेल्या आठवड्यात एकदा मीही होते. वाचन झालं, वंदना झाली, बाया उठायला लागल्या, तर आई म्हणाली, "थांबा जरा. मायी एक गोष्ट राह्यली." आणि उभी राहिली. बसूनच बोल म्हटलं तर ऐकेना, भिंतीला हात लावून उभी राहिली.

म्हणाली, "तुमी सारे मले इचारता, भागिरथाबाई, पोट कसं हाय. मले पोटाचं दुखनंच नाई. मले थानाचं दुखनं हाय. तठून ते पोटात गेलं. मी डॉक्टरले छाती म्हनलं, त्यानं पित्ताच्या गोळ्या देल्ल्या. त्याले बोलू का मले बोलू? थान म्हनली असती तं त्यानं पाह्यलं असतं. लेकरं पाजतानी आपन कोनाले लाजलो नाई, अन् दुखतानी लाजलो. कोनाच्या छातीत कडक लागत असंल, कोनाची बोंडशी आत गेली असंल, तिनं उद्या मायाकडे या. मी संग येतो दवाखान्यात. मले आता तठी सारे वयखतात."

मागं पुरुष बसले होते. त्यातला एक उठून बाहेर चालता झाला. आईनं पाहिलं. म्हणाली, "जाऊ द्या. त्याचं पोट दुखत असंल."

सगळं विहार हसलं. मी हसले आणि मग मला रडू आवरेना. माणसं हसत होती म्हणून कोणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघीजणी तिच्या दारात आल्या. त्यात सुंदरबाई. इतके दिवस आईजवळ निजत होती आणि काही बोलली नव्हती. मी तिघींना मंगरुळपीरला आणून दाखवलं. दोघींचं साधंच निघालं. सुंदरबाईचा तुकडा अकोल्याला पाठवला आहे. तिच्याकडून नंबर तिचाच लिहून घेतला.

मीही स्वतःला तपासून घेतलं. काही नाही. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते.

येतोस की नाही ते तू ठरव. आल्यावर काय बोलायचं ते मी शिकवणार नाही.

धम्मदीपा


मंगरुळपीर
२४ नोव्हेंबर २०२५

सतीश,

काल फोनवर तू विचारलंस, "ताई, आता तरी राग गेला का?" मी म्हटलं गाडी सुटायची आहे आणि ठेवून दिला. गाडी सुटायची नव्हती. उत्तर तोंडात येत नव्हतं. इथं देते.

दिवाळीच्या सुट्टीत तू आसेगावला आलास. निता आली. सकाळपासून तू ओट्यावर बसून देवानंदशी बोलत होतास. सोयाबीनला काय भाव, समृद्धीवरून पुण्याला किती लवकर पोचता येतं, अमक्याच्या पोराला नोकरी लागली का. आई आत भाकरी करत होती. मी दोनदा तुझ्यासमोरून मुद्दाम गेले. तू पायातल्या चपलेकडे पाहत होतास. मला वाटलं, हा असाच जाईल. जेवेल, पाया पडेल, जाईल.

मग तू उठलास आणि आत गेलास. मी दाराबाहेर निवडायला घेतलेलं सूप हातात धरून उभी राहिले. हो, ऐकत होते. कोणी मला दोष दिला तर देऊ दे.

तू म्हणालास, "आई, डॉक्टरचा फोन मले आला होता. मी सांगतलं नाई."

कितीतरी वर्षांनी तुझ्या तोंडून 'मले' ऐकलं.

आई भाकर थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "मालूम हाय."

"लाज वाटली, आई."

"कोनाची? मायी का तुयी?"

मला वाटलं आई आता तुझ्या डोक्यावरून हात फिरवेल, नाही रे बाळा, जाऊ दे म्हणेल. तसं म्हणाली असती तर मी सूप फेकून आत आले असते. ती तसं म्हणाली नाही. तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "मी मेली असती, सतीश. अन् तुले मालूम असतं काहून मेली. तू कसा जगला असता?"

तू रडलास. मोठ्यानं. तिनं तुला रडू दिलं. मग ताट वाढलं. तू जेवताना ती समोर बसली होती. हे तुला माहीत आहे. तुला जे माहीत नाही ते हे, की तुम्ही रात्री निजल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "पुढच्या येळी दवाखान्यात तू नको येऊ. त्याले घेऊन जातो." मी म्हटलं, तो बाहेर बाकड्यावर बसेल. ती म्हणाली, "बसू दिलं तं बसंल ना."

म्हणून गेल्या आठवड्यात तू रजा काढून आलास, तेव्हा मी मुद्दाम ड्युटी घेतली, रिसोडची. दिवसभर माझं लक्ष नव्हतं. केनवडच्या एका म्हाताऱ्याला दोनदा तिकीट फाडलं, तो म्हणाला, बाई, मी एकलाच हाय. आई काय म्हणाली असेल, तू काय म्हणाला असशील, हेच डोक्यात.

संध्याकाळी तू मला फोन करून रिपोर्ट सांगितलास. दुर्बिणीत पोटाची भिंत बरीच सैल झालेली दिसली, छातीचा कडकपणा कमी आहे, गोळी चालू ठेवायची. बरी झाली असं नाही, पण आटोक्यात आहे. ते तू नीट सांगितलंस, काही गाळलं नाहीस. मी मग रीता मॅडमना विचारून खात्री करून घेतली. वाईट वाटून घेऊ नकोस, किंवा घे. आता मी कायम खात्री करणार.

सुंदरबाईचं तुला सांगायचं राहिलं. तिचा तुकडा कॅन्सरचाच निघाला होता, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. आता अंगणात बसून आईशी भांडते.

तर रागाचं. आईनं तुला माफ केलं की नाही, ते तिलाच ठाऊक, मी विचारलं नाही. केलं असेल तर तो तिचा हक्क. माझा राग माझा आहे. माझ्या घरात, माझ्या मांडीवर ती सुकत होती, आणि मी तिला औषधाऐवजी वरणाचं पाणी पाजत होते, कारण तू मला तसं सांगितलं होतंस. ते मी विसरणार नाही. तू विसरायला सांगूही नकोस. तुझ्याशी बोलेन, तुझ्या पोरीच्या वाढदिवसाला येईन, तुझ्यासाठी भाकरीसुद्धा करीन. राग तरी राहील. त्याला जागा लागत नाही फार, बसल्या बसल्या प्रवास करतो.

पण काल तुला उत्तर देता आलं नाही, त्याचं कारण राग नव्हता. आईनं मला दवाखान्याच्या त्या दिवशीचं सांगितलं होतं, तुझ्या पाठीमागं, तू पुण्याला गेल्यावर. तिच्याच शब्दांत लिहिते.

"आत गेलो आमी. नवीन डॉक्टर होती, पोट्टीच होती, जुनी बाई सुट्टीवर. तिनं सतीशले इचारलं, काय त्रास आहे यांना? सतीश मायाकडे पाहे. मी भिंतीकडे पाह्यलं. मंग तो म्हने, आईला स्तनाचा कॅन्सर आहे, तो पोटात गेलाय. पन असा हयू बोलला, तिले आयकूच नाई आलं. ती म्हने, काय? पंखा मोठा होता ना तठी. मंग तो मोठ्यानं बोलला व माय! असा बोलला का बाहेर बाकड्यावरची मान्सं दारातून डोकावून पाहे. तो लाल झाला. पन बोलला."

एवढं सांगून ती हसली आणि मला म्हणाली, "आता तू त्याले फोन कर."

करते.

ताई